डीडॉस प्रोटेक्शनवालं होस्टिंग कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याचं न्यूज पोर्टल आहे, वर्डप्रेसवर, शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), वाळू उपशाच्या बातम्या लावल्यापासून साइट दोनदा बसली आणि दुसऱ्यांदा तर होस्टिंगवाल्याने अकाउंटच सस्पेंड करून टाकलं, तर आता महिना दोनेक हजारात डीडॉस प्रोटेक्शन (डीडॉस म्हणजे एकाच वेळी असंख्य ठिकाणांहून रिक्वेस्ट मारून साइट बसवणं) असलेलं होस्टिंग कुठलं घ्यावं. मी पुण्यात एका छोट्या एजन्सीत सर्व्हर सांभाळतो, हे प्रकरण आमच्याकडे अधूनमधून येतंच. माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या बजेटात होस्टिंग बदलून हा प्रश्न सुटणार नाही, साइटच्या पुढे काहीतरी उभं करायला लागेल आणि मग मागे होस्टिंग साधंसुधं असलं तरी चालतं.

पण आधी हा हल्लाच आहे ना ते बघा. दहावीचा निकाल लागला की लोकल पोर्टल आपोआप बसतात, त्याला कोणी शत्रू लागत नाही, आणि हल्ली एआयवाल्यांचे क्रॉलर (साइटची पानं आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम) एवढे येतात की तेही साइट बसवतात. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, रॉ अ‍ॅक्सेस लॉग (कोण कधी कुठल्या पानावर आलं त्याची नोंद) असतो तो उतरवून घ्या आणि साइट बसली त्या वेळेच्या ओळी काढा. अशा केसमध्ये बऱ्याचदा काय दिसतं, तर होमपेजच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, एस, बरोबरचं चिन्ह आणि मग काहीतरी आचरट अक्षरं, दर ओळीला वेगळी, आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) पण वेगळे, कुठले कुठले देश. म्हणजे कोणीतरी तुमच्या साइटचा सर्च हाणतंय. दर वेळी शब्द नवा असल्याने कॅशचा (आधीच बनवून ठेवलेल्या पानांचा) काही उपयोग नाही, प्रत्येक रिक्वेस्ट थेट डेटाबेसवर जाते, आणि शेअर्ड अकाउंटची सीपीयूची मर्यादा अशी काही की थोड्याशा रिक्वेस्टमध्येच ५०८ रिसोर्स लिमिटचं पान येतं. त्यासाठी गिगाबिट वगैरे काही लागत नाही, भाड्याचा स्वस्तातला बॉट पुरतो. असंच वर्डप्रेसच्या एक्सएमएलआरपीसी नावाच्या फाइलवर पण मारतात.

आता होस्टिंगवाले. त्यांच्या पानावर ढालीचं चित्र आणि खाली ‘डीडॉस प्रोटेक्टेड’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की नेटवर्कवर येणारा कचरा, म्हणजे यूडीपी फ्लड, सिन फ्लड, ते वरच्यावर गाळतात. वर सांगितलेला सर्चवाला हल्ला त्यात धरलेलाच नसतो कारण तो दिसायला साध्या वाचकासारखाच दिसतो. म्हणून सेल्सवाल्याला ‘प्रोटेक्शन आहे का’ विचारूच नका, तो हो म्हणणार. त्याला विचारा की माझ्यावर हल्ला आला तर तुम्ही माझ्या आयपीचं काय करता, ट्रॅफिक गाळून चांगला तेवढा आत सोडता की नल रूट टाकता? नल रूट म्हणजे तुमच्या आयपीकडे येणारं सगळंच फेकून द्यायचं, मोर्चा आला म्हणून पोलिसांनी तुमच्याच गल्लीचा रस्ता बंद करावा तसं, बाकीचे ग्राहक वाचतात आणि तुमची साइट बंदच, हल्लेखोराला हवं तेच फुकटात. शेअर्डवर एका आयपीवर शेकडो साइट असतात त्यामुळे तिथे सस्पेंड करण्यावाचून त्या बिचाऱ्यांना पर्यायही नसतो, तुमच्या होस्टिंगवाल्यावर मी फार चिडणार नाही. पुढे विचारा की नल रूट टाकलाच तर किती तासांनी काढता, हल्ल्यात आलेल्या ट्रॅफिकचं बिल कोणाला लावता आणि रात्री दोनला चॅटवर माणूस असतो की बॉट. आमच्या नेटवर्कची क्षमता इतके टेराबिट हे ऐकवलं तर सोडून द्या, त्यातलं तुमच्या प्लॅनच्या वाट्याला किती ते महत्त्वाचं, आणि हे सगळं ईमेलवर लिहून मागा.

आता तुमच्यासाठी नक्की काय ते सांगतो. तुम्ही बातम्यांचं पोर्टल आहात म्हणून पहिला अर्ज गूगलच्या प्रोजेक्ट शील्डला करा, ही साइटच्या पुढे उभी राहून हल्ल्याचं ट्रॅफिक गाळणारी सेवा आहे. बातम्या, मानवी हक्क, निवडणुका अशा साइटसाठी ते फुकट आहे, खरोखर फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रायन क्रेब्स नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या साइटवर सेकंदाला ६२० गिगाबिटच्या आसपास हल्ला झाला, सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर हॅक करून बनवलेल्या मिराई बॉटनेटचा. अकामाई नावाची कंपनी त्याला फुकट संरक्षण देत होती पण इतकं झाल्यावर त्यांनीही हात वर केले, आणि मग साइट प्रोजेक्ट शील्डच्या मागे जाऊन परत उभी राहिली. तुमच्या वाळूवाल्यांकडे मिराई नाहीये, काळजी नको.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत क्लाउडफ्लेअरचा (हीसुद्धा तशीच साइटच्या पुढे उभी राहणारी सेवा) फुकट प्लॅन लावा, २०१७ पासून ते फुकटवाल्यांनाही हल्ल्याच्या आकारावर मर्यादा घालत नाहीत. पण लावलं आणि झालं असं नाहीये, इथेच लोक अडकतात. फुकट प्लॅनमध्ये पाच कस्टम रूल मिळतात, त्यातला एक सर्चच्या रिक्वेस्टला मॅनेज्ड चॅलेंज (येणारा माणूस आहे की बॉट याची तपासणी) द्यायला वापरा, एक एक्सएमएलआरपीसी ब्लॉक करायला (जेटपॅक प्लगइन किंवा वर्डप्रेसचं मोबाइल अ‍ॅप वापरत असाल तर आधी तपासा), एक लॉगिनच्या पानासाठी. अंडर अटॅक मोडचं बटण हल्ला चालू असतानाच दाबायचं, कायम चालू ठेवलंत तर व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक उघडणारा वाचक ते तपासणीचं पान बघूनच परत जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खऱ्या सर्व्हरचा आयपी. तुमचा आताचा आयपी जगजाहीर आहे, जुने डीएनएस रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर जातं त्याच्या नोंदी) दाखवणाऱ्या साइट आहेत, तिथे कोणीही बघतं आणि क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट सर्व्हरवर मारतं. म्हणून नवीन होस्टिंग घ्यायचंच असेल तर क्रम असा ठेवा की आधी डोमेन क्लाउडफ्लेअरवर न्या, मग नवा सर्व्हर घ्या आणि त्याचा आयपी फक्त केशरी ढगाच्या मागेच टाका (क्लाउडफ्लेअरमध्ये केशरी ढग म्हणजे ट्रॅफिक त्यांच्यामार्फत, राखाडी म्हणजे थेट सर्व्हरवर), एक मिनिटसुद्धा उघडा नको. सीपॅनलने बनवलेले मेल, एफटीपी, वेबमेल वगैरे सबडोमेन असतात त्यांच्यापुढे राखाडी ढग राहून जातो आणि तिथूनच आयपी फुटतो. मेल त्याच सर्व्हरवर ठेवू नका, झोहो किंवा गूगलवर हलवा, कॉन्टॅक्ट फॉर्मचे मेल पण बाहेरच्या एसएमटीपीने पाठवा कारण मेलच्या हेडरमध्ये सर्व्हरचा पत्ता जातो. व्हीपीएस (तुमचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) असेल तर फायरवॉलमध्ये वेबचे पोर्ट फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपींना उघडे ठेवा, ती यादी त्यांनीच जाहीर केलेली आहे.

मागचा सर्व्हर म्हणून ओव्हीएच किंवा हेट्झनर या होस्टिंग कंपन्या बघा, दोघांकडे नेटवर्क पातळीचं गाळणं प्लॅनमध्येच येतं, वेगळे पैसे नाहीत, आणि छोटा व्हीपीएस तुमच्या बजेटात आरामात बसतो. ओव्हीएचला याची सवय पण आहे, त्याच २०१६ च्या सप्टेंबरात त्यांच्या ग्राहकांवर टेराबिटच्या घरातला हल्ला आला होता, आणि त्यांचं मुंबईत डेटा सेंटर आहे म्हणजे वेगाचाही प्रश्न नाही. पण व्हीपीएस म्हणजे अपडेट, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात, कोणी सांभाळणारा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, चांगलं मॅनेज्ड वर्डप्रेस होस्टिंग घ्या आणि वरचे प्रश्न त्यांना विचारा. एडब्ल्यूएसचं, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडचं, नाव कोणी काढलं तर त्यांचं डीडॉस संरक्षण शील्ड स्टँडर्ड फुकट आहे हे खरं, पण अ‍ॅडव्हान्स्ड महिना ३,००० डॉलर आणि वर्षाची बांधिलकी, आपला विषय नाही तो. शिवाय बाहेर जाणारा डेटा ते जीबीच्या हिशोबाने लावतात.

‘पैसे द्या नाहीतर परत पाडू’ असा मेल आला तर उत्तरच देऊ नका, जपून ठेवा. तक्रारीचं म्हणाल तर करा, आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये कोणाला सेवा मिळू न देणं येतं आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर टाका आणि जिल्ह्याच्या सायबर सेलमध्ये पोच घ्या. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, त्यात डीडॉससारखी घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय आणि होस्टिंगवाले पण त्यात येतात, तेव्हा तुम्ही कळवलंत का एवढं त्यांना मेलवर विचारा, सस्पेंड अकाउंटचे लॉग लवकर हातात पडायला त्याने मदत होते. ते लॉग मात्र आजच मागा, बरेच होस्टिंगवाले सस्पेंड केलेलं अकाउंट काही दिवसांनी उडवतात आणि त्यासोबत तुमचा बॅकअपही जातो.