रंगमंचावर रंगलं, पडद्यावर का फसलं?

ब्रॉडवे (न्यू यॉर्कची नाट्यनगरी) आणि वेस्ट एंड (लंडनची) इथे गाजलेल्या म्युझिकल्सचे, म्हणजे संगीत नाटकांचे, चित्रपट पाहून हिरमुसलेल्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: ‘कॅट्स’ रंगमंचावर वर्षानुवर्षं चाललं आणि २०१९चा चित्रपट मात्र साफ आपटला. दोष त्या संगणकी केसाळ कातडीचाच का?

कातडीचा दोष होताच. चित्रपट लागल्यानंतर सुधारलेल्या दृश्यपरिणामांची नवी प्रत चित्रपटगृहांना पाठवावी लागली, यातच काय ते आलं. पण केस कितीही सफाईनं बसवले असते तरी मूळ पेच सुटला नसता. १९८१ मध्ये लंडनला हे नाटक उभं राहिलं तेव्हा अंगासरशी कपडे, रंगवलेला चेहरा आणि कमावलेली चाल एवढ्या भांडवलावर नट मांजर झाले. माणूस दिसत राहायचा, मांजर प्रेक्षक मनानं भरून घ्यायचा. चित्रपटानं ती भर स्वतःच घालून टाकली. मग प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त खटकणं उरलं: अंगभर केस आणि हात मात्र माणसाचे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांतही ती येईल. गाणं कोणाला उद्देशून आहे? ‘कॅट्स’ला म्हणावं तसं कथानक नाही. कवी टी. एस. एलियटच्या मांजरांवरच्या कविता आहेत. एकेक मांजर येतं, थेट प्रेक्षकांना आपली ओळख करून देतं, नाचतं, जातं. न्यू यॉर्कमध्ये याचे ७,४८५ प्रयोग झाले ते या ओळखीच्या जोरावर. चित्रपटकर्त्यांना कथा हवी होती, म्हणून रंगमंचावर मुख्यतः नाचणाऱ्या व्हिक्टोरियाला त्यांनी नवखी पाहुणी केलं. आता सगळी गाणी तिला ऐकवली जातात आणि कॅमेरा दर थोड्या वेळानं तिच्या चकित चेहऱ्यावर परततो. आपलं आमंत्रण दुसऱ्यालाच गेलं.

प्रश्न: ‘अ कोरस लाइन’च्या चित्रपटात गाणी बरीचशी तीच आहेत, नाचही वाईट नाही. तरी नाटक पाहिलेले लोक इतके का चिडतात?

कारण नाटकाचा सांगाडाच काढून घेतलाय. १९७५च्या प्रयोगात रंगमंच जवळजवळ मोकळा: जमिनीवर पांढरी रेघ, मागे आरसे, रेघेवर ऑडिशनला आलेले नर्तक. निवड करणारा दिग्दर्शक झॅक बहुतेक वेळ प्रेक्षागृहाच्या अंधारातून फक्त बोलतो. म्हणजे नर्तक त्याला उत्तर देतात ते आपल्याकडे बघून. प्रेक्षक नकळत परीक्षकाच्या खुर्चीत बसतो, आणि शेवटी काही जणांना घरी पाठवलं जातं तेव्हा आपणही थोडे ओशाळतो.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८५च्या चित्रपटात झॅक टेबलामागे बसलेला सरळ दिसतो. तो दिसला की नर्तक त्याच्याशी बोलतात आणि आपण तिऱ्हाईत होतो. वर झॅक आणि ऑडिशनला आलेली नर्तकी कॅसी यांच्या जुन्या प्रेमाचे प्रसंग मधेमधे घुसडले आहेत, त्यामुळे रेघ सोडून कॅमेरा सारखा बाहेर पळतो.

सर्वांत मोठं नुकसान ‘व्हॉट आय डिड फॉर लव्ह’चं. नाटकात पॉल या नर्तकाचा गुडघा दुखावतो, त्याला उचलून नेतात. झॅक उरलेल्यांना विचारतो: उद्या नाचता आलं नाही तर काय कराल? त्यावर डायना ही नर्तकी हे गाणं सुरू करते आणि बाकीचे तिच्यात मिसळतात. गाणं नाचावरच्या प्रेमाचं आहे. चित्रपटात ते कॅसीला दिलं आणि झॅकशी जोडलं. तेवढ्यानं अख्ख्या जमातीचं गाणं एका जुन्या प्रेमप्रकरणाची हळहळ होऊन बसलं. कॅसीचं ‘द म्युझिक अँड द मिरर’ तर पूर्ण काढून त्या जागी दुसरंच गाणं घातलं. हा चित्रपट पाहू नका असं स्पष्टच सांगतो.

प्रश्न: ‘ले मिझराब्ल’मध्ये कलाकार सेटवर खरोखर गायले म्हणतात. मग ते कानाला बोचतं का?

नेहमीची रीत अशी: गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात, सेटवर वाजवली जातात आणि नट त्यावर ओठ हलवतो. सूर पक्का, लय ठरलेली, त्यामुळे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे सहज जोडता येतात. तोटा हा की कुठे थांबायचं, आवाज कुठे कापरा करायचा, हे सेटवर पाय ठेवण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

टॉम हूपर यांनी २०१२ मध्ये हा क्रम उलटा केला. (‘कॅट्स’ही त्यांचाच.) नटाच्या कानात छोटा इअरपीस, सेटबाहेर बसलेला पियानोवादक नटाच्या कलानं साथ देतोय, आणि पूर्ण वाद्यवृंद नंतर चढवलेला. यात नटाला लय ओढायची मुभा मिळते, आणि तो ती ओढतोच. प्रत्येक टेकची लय वेगळी पडली की एका टेकचा तुकडा दुसऱ्याला चिकटत नाही. म्हणून लांबलचक टेक, म्हणून चेहऱ्याला चिकटून बसलेला कॅमेरा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावीत अशी बांधलेली गाणी आपल्याला चार बोटांवरून ऐकावी लागतात.

अॅन हॅथवेच्या ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ला ही पद्धत मानवली: एकटी बाई, जवळजवळ सलग शॉट, हुंदक्यासकट. ऑस्कर उगाच मिळालं नाही. पण तोच हिशेब ‘वन डे मोअर’ला लावला की गडबड होते. रंगमंचावर पहिला अंक या गाण्यानं संपतो. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकाच मंचावर उभी, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि त्या एकमेकींत गुंतत जातात. चित्रपट इथून तिथे उड्या मारतो. सूर जुळतात, माणसं जुळत नाहीत.

तरी सगळं खापर पद्धतीवर फोडू नका. १९६४च्या ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात आहेत, तर रेक्स हॅरिसन यांनी ओठ हलवायला नकार दिल्यामुळे त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला होता. दोन्ही रीती एकाच चित्रपटात नांदल्या आणि त्याला आठ ऑस्कर मिळाली.

प्रश्न: मूळ नाटकातलीच मंडळी घेतली तर धोका टळेल ना?

टळत नाही, कधीकधी वाढतो. ‘रेंट’चे मूळ संचातले सहा प्रमुख कलाकार २००५च्या चित्रपटात आहेत. नाटक ब्रॉडवेवर आलं १९९६ मध्ये. विशीतल्या, भाडं थकलेल्या पोरांची गोष्ट तिशी ओलांडलेले चेहरे सांगू लागले. त्याहून वाईट म्हणजे, मुळात जवळपास सगळं गायलं जाणारं हे नाटक, पण त्यातले गाते संवाद चित्रपटात नुसते बोलले जातात आणि यमकं मात्र तशीच राहिली आहेत. बोलण्यात यमक आलं की माणूस खोटा वाटतो.

‘डिअर इव्हान हॅन्सन’ (२०२१) हे आणखी बोलकं उदाहरण. नाटकातला मूळ इव्हान बेन प्लॅट पंचविशी उलटून गेल्यावर पडद्यावर शाळकरी मुलगा झाला. रंगमंचावर वय खांद्यांवरून, चालण्यावरून दाखवता येतं. क्लोज-अपमध्ये ते गालांवर दिसतं. पण चर्चा वयाचीच झाली आणि खरी चूक सुटली. चार गाणी कापली, त्यांत ‘गुड फॉर यू’ हे इव्हानला तोंडावर फैलावर घेणारं गाणंही गेलं. मृत मुलाच्या कुटुंबाशी तो खोटं बोलत राहतो. त्याचा जाब विचारणारा आवाजच कमी झाला, आणि चित्रपट त्याला फार स्वस्तात सोडतो.

दिग्दर्शकही तोच ठेवला तर? ‘द प्रोड्यूसर्स’ला विक्रमी १२ टोनी (ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार) मिळाले होते. नाटकाच्या दिग्दर्शिका सुझन स्ट्रोमन यांनीच मूळचे नट नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांना घेऊन २००५ मध्ये त्याचा चित्रपट केला. पाहताना नट हशा येईल म्हणून थबकल्यासारखे वाटतात, आणि हशा येत नाही. गाण्याच्या शेवटाचंही तेच. रंगमंचावर तो टाळ्या घेण्यासाठी बांधतात: शेवटचा ठोका, हात वर, स्तब्ध. पडद्यावर त्या जागी पोकळी पडते. ‘शिकागो’नं (२००२) ही अडचण हुशारीनं सोडवली. गाणी नायिका रॉक्सीच्या कल्पनेतल्या रंगमंचावर ठेवली, तिथेच प्रेक्षकही बसवले. टाळ्या कथेतल्याच लोकांनी वाजवल्या.

प्रश्न: गाणी कापल्यानं चित्रपट बिघडतो का?

नेहमी नाही. बॉब फॉसी यांनी १९७२ मध्ये ‘कॅबरे’ची कितीतरी गाणी काढली, उरलेली एक सोडून सगळी कथेतल्या नाइटक्लबच्या आतच ठेवली, आणि चित्रपट मूळ नाटकाच्या तोडीस तोड झाला. काढलेलं गाणं काय काम करत होतं ते पाहावं. मध्यंतराचंही तसंच. परीकथांतल्या पात्रांच्या ‘इंटू द वूड्स’मध्ये पहिला अंक सगळ्यांना सुखी करून संपतो, प्रेक्षक बाहेर जाऊन येतो आणि मग सुखाची वाताहत सुरू होते. २०१४च्या चित्रपटात ती फट बुजवली, म्हणून दुसरा भाग शेपूट लावल्यासारखा लांबतो. निवेदकालाही वेगळं पात्र ठेवलं नाही. त्यामुळे पात्रं निवेदकालाच राक्षसिणीच्या हवाली करतात तो धक्काही गेला.

प्रश्न: मग नाटक जवळून पाहायला मिळत नसेल तर काय पाहावं?

प्रयोगांची चित्रमुद्रणं. ‘इंटू द वूड्स’चं मूळ संचाचं आहे, ‘स्वीनी टॉड’चं अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न यांचं १९८२चं आहे. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चं २०११चं रॉयल अल्बर्ट हॉलमधलं गायनासाठी उत्तम, फक्त नाटकात कोसळणारं झुंबर तिथे ठिणग्या उडवतं, खाली येत नाही. ‘हॅमिल्टन’ २०१६च्या जूनमध्ये चित्रित झालं: प्रेक्षकांसमोरचे दोन प्रयोग, शिवाय क्लोज-अपसाठी रिकाम्या नाट्यगृहात वेगळं काम. म्हणून तिथे चेहरेही दिसतात आणि टाळ्याही खऱ्या असतात. पाहताना अंक संपला की खरोखर पंधरा मिनिटं थांबा, सलग रेटू नका.