महाधनेशाच्या ढोलीचा पत्ता

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

लांबचं टिपणारी ६०० एमएमची लेन्स आली, आता महाधनेशाच्या, म्हणजे त्या अवजड चोचीच्या ग्रेट हॉर्नबिल पक्ष्याच्या, ढोलीचा पत्ता द्या, असं तू लिहिलंयस. पत्ता मी देणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आस लावून बसू नकोस. तू भला मुलगा आहेस, त्याबद्दल शंका नाही. पण ढोलीपासून किती लांब बसायचं आणि कधी उठायचं हे नराकडे बघून ठरवावं लागतं. ते बघणं तुला अजून शिकायचंय.

ढोलीत काय चाललेलं असतं ते आधी नीट समजून घे. कोकणात थंडी ओसरायला लागली की मादी एखाद्या जुन्या, जाडजूड झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर वापरून ढोलीचं तोंड लिंपून टाकते. उरते ती एक उभी फट, चोच बाहेर काढता येईल एवढीच. आत एक किंवा दोन अंडी, साधारण ३८ ते ४० दिवसांचं उबवणं आणि मग पिल्लू. मादी कोंडून घेते तिथपासून पिल्लू उडेपर्यंत चार महिन्यांच्या आसपास जातात. यातला बराच काळ मादी आतच असते आणि कमावता एकटा नर असतो. तो वड, उंबर, रानजायफळ असं काय काय घशात भरून आणतो, कधी एखादा सरडाही आणतो, आणि एकेक जिन्नस वर काढून फटीतून आत देतो. त्याची एक खेप चुकली तर ती भरून काढायला दुसरं कोणी नाही.

आता त्याच्याकडे बघायचं कसं ते सांगतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो. दीड मीटरचा पंखविस्तार आहे, प्रत्येक फटकाऱ्याला वाफेच्या इंजिनासारखा आवाज होतो. थेट ढोलीवर तो सहसा उतरत नाही. थोडं लांबच्या झाडावर बसतो, मान वाकडी करून खालची झाडी बघतो. गळा भरलेला असेल तर गळ्याखाली फुगवटा दिसतो, दुर्बिणीतून अगदी स्पष्ट. सगळं ठीक वाटलं की खोडावर येतो, नख्यांनी साल धरतो, शेपटीचा टेका घेतो, मानेला एक हिसका देतो आणि पहिलं फळ चोचीच्या टोकाशी येतं. फटीतून मादीची चोच ते घेते. मग दुसरं, मग तिसरं. किती फळं दिली ते तू मोजत राहा. हे मोजणं पुढे फार उपयोगी पडतं.

आणि ठीक नसेल तर? तो बसूनच राहतो. फांदी बदलतो, पुन्हा मान ताणून बघतो, ढोलीच्या झाडापर्यंत येऊन वळतो आणि भरल्या गळ्याने निघून जातो. गळ्यात फुगवटा असताना नर परत फिरला, तर तू फार जवळ आहेस. दुसरा पुरावा मागू नकोस. अशा वेळी ट्रायपॉड दहा पावलं मागे सरकवून 'आता बघू' म्हणायचं नाही. सामान आवरायचं आणि त्या दिवसापुरतं निघायचं. आत बसलेल्या मादीला खेप का आली नाही हे बाहेर येऊन बघता येत नाही.

नेमके किती मीटर, असं तू विचारशीलच. असा एक आकडा नाही. गावाच्या पाणंदीवर, रोज गुरं-माणसं जातात तिथल्या झाडावरची जोडी आणि आडरानातली जोडी, दोघींची सहनशक्ती वेगळी. म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय जायचं. समोरच्या उतारावरून, दुर्बीण घेऊन, नर किती वाजता आला, किती वेळ थांबला, पुढची खेप किती वेळाने झाली हे वहीत लिहायचं. त्याची लय कागदावर आली की मग जवळ सरकण्याचा विचार. सरकल्यावर लय बिघडली तर वही लगेच सांगते. मादी ढोली पारखत असते ते आणि लिंपण चालू असतानाचे दिवस सगळ्यात नाजूक. तेव्हा बिचकली तर ती जागाच सोडू शकते. त्या दिवसांत झाडाकडे फिरकूच नकोस.

तू म्हणशील, जुन्या मोठ्या छायाचित्रकारांनी तर घरट्यांवरच नाव काढलं. खरं आहे. इंग्लंडच्या कीअर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला, आणि पुढे तर बैलाच्या कातड्यात दडून पक्षी टिपले. एरिक हॉस्किंग यांनी १९३७ मध्ये वेल्समध्ये घुबडाच्या घरट्यापाशी एक डोळा गमावला. पण त्यांची अडचण समजून घे. फोटोसाठी काचेच्या प्लेटा, कमी उजेड घेणाऱ्या लेन्स, जड सामान. पक्षी ठरलेल्या जागी परत येईल अशी खात्री फक्त घरट्यापाशी होती. ती त्यांची गरज होती, तुझी नाही. अंधुक उजेडात, लांबवरून, उडता पक्षी टिपणारं यंत्र तुझ्या खांद्यावर आहे. हातात असं साधन असताना माणसं अजून ढोलीलाच चिकटून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात तिबोटी खंड्याचे, म्हणजे त्या चिमुकल्या किंगफिशरचे, काय हाल होतात ते तू पाहिलंच असशील. रस्त्यासाठी डोंगर कापला की उरणाऱ्या मातीच्या भिंतीत नाहीतर ओढ्याच्या काठात तो बीळ खणतो. मग पक्षी फोटोसाठी तिथे बसावा म्हणून बिळासमोर कोणीतरी शेवाळ लागलेली काडी रोवतं, आड येणारं नेचं उपटतं, मागे फ्लॅश लागतात आणि माणसांची रांग. नेचं उपटलं की बीळ उघडं पडतं, आणि माणसापाठोपाठ सापाला, मांजराला वाट दिसते. या पक्ष्याचा फोटो समोर आला की चोचीकडे बघ. सापसुरळीचं डोकं पुढे, चोचीच्या टोकाकडे असेल, तर तो घास बहुधा पिल्लांसाठी आहे. म्हणजे फोटो निघाला तेव्हा पिल्लं आत वाट बघत होती आणि आई किंवा बाप काडीवर अडकून पडला होता. अशा फोटोला मी कधीही दाद देत नाही. बऱ्याच स्पर्धांनीही आता घरट्यावरचे फोटो घेणं बंद केलंय, ते योग्यच केलं.

कायदाही पाठ करून ठेव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक लागत नाही.

ठिकाण लपवण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या पिढीची गडबड इथेच होते. फोटो टाकण्याआधी त्यात साठलेली जीपीएसची नोंद काढून टाक. एवढ्याने भागत नाही. मागे ओळखू येणारा सुळका, देवळाचा कळस, विजेचा टॉवर दिसत असेल तर माहितगार माणूस अर्ध्या दिवसात तिथे पोचतो. खंड्याचा फोटो हंगाम उलटल्यावर टाकलास तर एक वेळ चालेल. महाधनेशाचं तसं नाही. तीच ढोली तो वर्षानुवर्षं वापरतो. आज फुटलेला पत्ता पुढच्या फेब्रुवारीतही खरा असतो. मित्राला, 'फक्त तुलाच सांगतो' म्हणून सांगितलेला पत्तासुद्धा फुटलेलाच समज.

आणि झाड कोणाचं आहे ते विसरू नकोस. कोकणातलं पुष्कळ रान खासगी मालकीचं, उरलेली मोठी झाडं बरीचशी देवराईत. मालकाने ठेवलं म्हणून ते झाड उभं आहे, नाहीतर लाकडाला गिऱ्हाईक कायम तयार असतं. त्याला न विचारता कुंपण ओलांडलंस, गाडी लावून वाट अडवलीस, तर राग तुझ्यावर निघेलच असं नाही, झाडावरही निघू शकतो. उलट मालक आपलासा झाला तर त्याच्याइतका चांगला राखणदार नाही. अरुणाचलात पक्के नावाच्या व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास न्यिशी जमातीचे लोक धनेशांच्या ढोल्यांवर पहारा देतात. २०११ च्या सुमारास हे काम उभं राहिलं. याच समाजात पूर्वी धनेशाची चोच शिरोभूषणात मिरवायची पद्धत होती. तिथे हे घडू शकतं, तर आपल्याकडे का नाही? तू काढलेल्या फोटोची पहिली मोठी प्रत मालकाच्या घरी लागली पाहिजे, असं मला वाटतं.

मग फोटो काढायचा कुठे? फळलेल्या झाडावर. वड किंवा उंबर पिकला की महाधनेश पहाटेपासून येतात, आणि तिथे कोणाचं पोट त्यांच्यावर अडून बसलेलं नसतं. बिचकले तर दुसऱ्या झाडावर जातात. एवढी अवजड चोच, पण तो फळ टोकानं अलगद खुडतो, हवेत उडवतो आणि घशात झेलतो. फळ चोचीच्या दोन्ही पात्यांमधे अधांतरी असतं तो क्षण टिपायला तुझी ६०० एमएम पुरेशी आहे. शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नकोस. उजेड पक्ष्याच्या मागून येत असेल तर मानेचा पिवळा रंग मरतो, म्हणून झाडाच्या पूर्वेला बस, म्हणजे सकाळचं ऊन तुझ्या पाठीवर असेल. आणि पाऊस पडून गेल्यावर, ढोली रिकामी झाली की, मालकाला विचारून त्या झाडाखाली जा. चार महिने पडलेल्या बियांतून रोपं उठलेली असतात. त्यांचे फोटो फार कोणी काढत नाही. तू काढ, जमिनीला कॅमेरा टेकवून.

आमच्या इथला वड यंदा बऱ्यापैकी धरलाय. पिकायला लागला की फोन करतो, मग रात्रीच्या एसटीने ये. मळकट हिरवा किंवा खाकी शर्ट आण, पांढरी टोपी नको. वही मात्र नवी, कोरी घेऊन ये, आणि पहिल्या सकाळी कॅमेरा घरीच ठेवायची तयारी ठेव.

तुझा,
काका