एक समुद्र हिरवा, दुसरा फिका

प्रश्न : उपग्रहाच्या हरितद्रव्य-नकाशात अरबी समुद्र हिरवागार, पण बंगालचा उपसागर फिका का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नद्यांमुळे! गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीचं गोडं पाणी हलकं, म्हणून उपसागराच्या खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं. हे झाकण वाऱ्याने सहजी मोडत नाही. खालचं नायट्रेट, म्हणजे समुद्राचं खत, वर पोचत नाही, वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, समुद्राला हिरवा रंग देणारे सूक्ष्म जीव) उपाशी राहतात. (आपल्या मुठेचं पाणीही भीमा-कृष्णेतून तिकडेच जातं, लकडी पुलावर मला हे नेहमी आठवतं.)

अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याचं पाणी दूर लोटतात, खालचं गार, पोषक पाणी वर येतं. हिवाळ्यातलं घडणं तर मला त्याहून सुंदर वाटतं. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने वरचं पाणी गारठून जड होतं, बुडतं, ढवळतं. पुण्यात आपण पहाटे स्वेटर शोधतो, तेव्हा तिकडे समुद्र हिरवा होत असतो.