टेबल डोळ्यांनी दिसतंय, तरी पोस्टग्रेस 'नाही' का म्हणतं?

तुमचा प्रश्न असा: कळमन्याच्या (नागपूरचा बाजार) संत्रा आडतीचा हिशेब मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आणला, पीजीअ‍ॅडमिनमध्ये (पोस्टग्रेसमधला डेटा पाहायचं टूल) 'आवकनोंद' टेबल दिसतं, पण क्वेरी चालवली की एरर ४२पी०१, 'रिलेशन (म्हणजे टेबल) अस्तित्वात नाही'.

टेबलाचं नाव रोमन लिपीत आहे आणि त्यात कॅपिटल अक्षरं आहेत, घोळ तिथेच आहे. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस आधी स्मॉल करतं, मग शोधतं. (ओरॅकल नेमकं उलट, कॅपिटल करतं.) डेटा आणणाऱ्या टूलनं टेबल बनवताना नाव दुहेरी अवतरणात दिलं, म्हणून कॅपिटल तसंच गोठलं. आता एक तर दर वेळी दुहेरी अवतरण द्या, नाही तर 'अल्टर टेबल … रिनेम टू' वापरून नाव स्मॉल करून टाका. मी दुसरंच करीन. व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी) आणि फॉरेन की (टेबलांमधले दुवे) नाव बदललं तरी टिकतात. पीएलपीजीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसची आतली प्रोग्रामिंग भाषा) फंक्शनमधलं आणि अ‍ॅपमधलं जुनं नाव मात्र हातानंच बदलावं लागेल.

नाव बदलूनही तेच आलं तर 'शो सर्च_पाथ' चालवा, पोस्टग्रेस टेबल कोणत्या स्कीमांत (टेबलांच्या कप्प्यांत) शोधतं ते कळेल. काही टूलं जुन्या डेटाबेसच्या नावाची वेगळी स्कीमा करून टेबलं तिच्यात टाकतात आणि पोस्टग्रेस मात्र पब्लिक या नेहमीच्या स्कीमात शोधत बसतं.

यानंतर तुम्हाला एरर ४२७०३ भेटेलच: 'अंबिया नावाचा कॉलम नाही'. मायएसक्यूएलमध्ये बहार = "अंबिया" (संत्र्याचा एक बहार) सहज चालायचं. पोस्टग्रेसला दुहेरी अवतरण म्हणजे नाव, एकेरी म्हणजे मजकूर. तिथे एकेरी करा.

कॉलमची नावं मराठीत ठेवली असतील तर आणखी एक छुपी भानगड आहे. 'शेतकऱ्याचे_नाव' यातला 'ऱ्या' एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्तानं बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला तंतोतंत सारखे, पण ऑक्टेट_लेंग्थ (बाइट मोजणारं फंक्शन) पाहा: पहिलं नाव ४० बाइट, दुसरं ४३. पोस्टग्रेसच्या लेखी ती दोन वेगळी नावं. अशा वेळी क्वेरीत नाव टाइप करू नका, इन्फर्मेशन_स्कीमातून (डेटाबेसमधल्या टेबलं-कॉलमांची यादी) कॉपी करा. शिवाय नावाची मर्यादा ६३ बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हं झाली की पुढचं कापलं जातं, तेही फक्त एक नोटीस देऊन.