नाशिकजवळच्या घरगुती वायनरीत जेवण आणि वाइनची जोडी: पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही विचारलंय की लग्नाच्या वाढदिवसाला पुण्याहून नाशिककडे जाऊन एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या छोट्या वायनरीत जेवण आणि वाइनची जोडी चाखायची आहे. दोघांनाही वाइनमधलं काही कळत नाही, पत्नी शाकाहारी आहेत. आणि मुख्य शंका अशी की आपल्या तिखट, मसालेदार जेवणाशी वाइन जुळते तरी का, की तिथे जाऊन चीज आणि ऑलिव्हच खायचे?

जुळते, आणि छान जुळते. फक्त ती ताटात कुठे बसवायची ते कळलं पाहिजे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग, थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची. 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं आणि आमच्या भागात वाइनची द्राक्षं लावायची लाट आली. वडिलांनीही दीड एकर शिराझ, म्हणजे रेड वाइनची द्राक्षं, लावली. मग 2008-09 ची मंदी आली, करार केलेल्या कारखान्याने माल उचलला नाही, आणि वडिलांनी ती बाग स्वतःच्या हाताने काढून टाकली. त्या वर्षांत असं पुष्कळ घरांत झालं. त्या पडत्या काळातही ज्या थोड्या घरांनी बागही ठेवली आणि टाक्याही विकल्या नाहीत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. अशाच एका घराकडे आम्ही गेली काही वर्षं दर फेब्रुवारीत जेवायला जातो. त्यांच्याकडे एका वेळी दहा-बारा माणसांचीच सोय आहे आणि त्यांना तेवढंच हवं आहे, म्हणून नाव लिहीत नाही. तिथे जे शिकले ते मात्र सगळं सांगते.

त्या घरात वाइन मुलगी करते आणि जेवण तिची आई, म्हणजे काकू. पहिल्याच वेळी मी तुमच्यासारखंच विचारलं होतं की कशाबरोबर काय प्यायचं ते कसं ओळखायचं. काकू म्हणाल्या, "आपल्या ताटाची डावी बाजू आठव." मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी-आमटी असते, तिला उठाव आणायचं काम डावीकडचे पदार्थ करतात. वाइन त्या डाव्या बाजूची आहे. समोर आलेल्या घासाला लिंबू हवंय, की गूळ, की थोडा तुरटपणा, एवढंच स्वतःला विचारायचं. पुस्तकी ज्ञान नसलेल्या माणसाला याहून चांगली किल्ली मला अजून कोणी दिलेली नाही.

त्यांच्याकडे पहिल्यांदा येते कोथिंबीर वडी, गरम, तळलेली, आत मिरची अगदी बेताची. बरोबर थंडगार सोव्हिन्यों ब्लाँ. ही व्हाइट वाइन नाकाजवळ नेली की हिरवा वास येतो, कापलेल्या गवताचा, थोडा हिरव्या मिरचीचा. वडीतही तोच हिरवेपणा, त्यामुळे दोघींची ओळख पटते. आणि तळणीचं तेल जिभेवरून साफ करायचं काम वाइनमधला आंबटपणा करतो. म्हणजे इथे वाइन लिंबाची फोड झाली. हा पहिला घास खाल्ला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, जे वाइनला दारूच म्हणतात, न बोलता दुसरी वडी उचलली होती.

मग अळूवडी. तिच्यात चिंच आणि गूळ दोन्ही आहे, म्हणून पूर्ण कोरडी, म्हणजे अजिबात गोडवा नसलेली, वाइन तिच्यापुढे आंबट लागते. तिला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ हवी, हीही व्हाइटच. हीच शेनिन तिखटाच्या घासालाही उपयोगी पडते. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की जाळ वाढतो, गोडवा तो जाळ शमवतो. त्यामुळे शेवभाजी किंवा मिसळीबरोबर रेड वाइन घेऊ नका. थंड, हलकी, जराशी गोडसर शेनिन किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. ठेच्याशी मात्र मी कुठलीच वाइन जुळलेली पाहिलेली नाही, आणि मोहरी-तेलात मुरलेल्या लोणच्याशीही नाही. ते दोन पदार्थ ताटात असतील तर वाइनचा घोट त्यांच्यानंतर लगेच घेऊ नका, मध्ये साधा भात किंवा भाकरीचा तुकडा खा.

आता रेड. टॅनिन हा शब्द तुम्हाला तिथे पन्नासदा ऐकू येईल. त्याला घाबरू नका. टॅनिन म्हणजे तुरटपणा. सुपारी चघळल्यावर, कोरा चहा प्यायल्यावर किंवा जांभळं खाल्ल्यावर हिरड्या आवळून येतात ना, तोच. रेड वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, म्हणून रंगही सालीतून येतो आणि हा तुरटपणाही साल-बियांतून. तुरटाला स्निग्ध पदार्थ मऊ करतो. मांसाहारी लोक म्हणून शिराझबरोबर मटण खातात, पण तुमच्या पत्नींना काही चुकल्यासारखं वाटायचं कारण नाही, कारण माझ्या मते शिराझची सगळ्यात सुंदर जोडी शाकाहारीच आहे: वांग्याचं भरीत. खान्देशी पद्धतीचं, काट्यांच्या जाळावर भाजलेलं, वर शेंगदाणे आणि कच्चं तेल. ओकच्या बॅरलमध्ये मुरलेल्या शिराझला धुराचा, मिरीचा वास असतो आणि भाजलेल्या वांग्यालाही धूर. शेंगदाण्याचं तेल तुरटपणा झाकतं. काकू भरितात हिरवी मिरची निम्मी घालतात आणि उरलेली बाजूला वाटीत देतात, तिखट ज्याचं त्याने वाढवून घ्यावं म्हणून. एकदा मी ती सगळी मिसळली आणि पुन्हा घोट घेतला. तीच वाइन कडवट आणि जळजळीत झाली. मिरचीने काय होतं ते त्या एका घासाने समजलं. भरली वांगीही चालतात, तीळ-खोबऱ्याच्या मसाल्यामुळे.

हे जायच्या आधी घरीच तपासून बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. कोरडी रेड थोडी ओता. एक घोट नुसता घ्या. मग लिंबाची फोड मीठ लावून चोखा आणि पुन्हा घोट घ्या, वाइन मऊ, फळाची वाटेल. मग गूळ खा आणि तिसरा घोट घ्या, तीच वाइन आंबट, पातळ वाटेल. आंबट-खारट घास वाइनला खुलवतो, गोड घास तिला उघडं पाडतो. बहुतेक जोड्या जमतात किंवा बिघडतात त्या एवढ्यावर.

याच कारणाने गोडाबरोबरची वाइन त्या गोडापेक्षा जास्त गोड असावी लागते. पुरणपोळीबरोबर कोरडी रेड दिली तर दोन्ही वाया जातात. तिथे लेट हार्वेस्ट शेनिन देतात. घड वेलीवरच जास्त दिवस ठेवायचे, मणी सुकायला लागतात, बेदाण्याच्या वाटेवर जातात, पाणी कमी होतं आणि साखर दाटते. त्या वाइनचे दोन चमचे आणि साजूक तूप सोडलेल्या पुरणपोळीचा चतकोर. मी दर वर्षी ज्या घासासाठी जाते तो हा.

आता कुठे जायचं. निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो आहे, पाटील कुटुंबाची. सँजिओवेझे, नेरो दाव्होला, ग्रिलो अशी इटालियन द्राक्षं त्यांनी आपल्या मातीत लावली आहेत. इगतपुरी तालुक्यात कावनईला वॅलोने आहे, तीही छोटी. तुम्ही पुण्याचे म्हणून अकलूजकडची फ्रातेली सांगून ठेवते. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच भाऊ, आणि ती खरोखर तीन घरांतल्या भावांनी मिळून सुरू केली, एक घर इटलीतलं आणि एक अकलूजचं. मालकी बदलत असते हेही लक्षात घ्या. गंगापूर धरणाजवळची यॉर्क गुरनानी कुटुंबाची होती, 2021 मध्ये सुला या मोठ्या कंपनीने घेतली. म्हणून फोनवरच विचारा की वाइन कोण करतं, द्राक्षं स्वतःच्या बागेतली किती आणि जेवण कोण रांधतं. घरची माणसं असतील तर या प्रश्नांची उत्तरं पटकन आणि आनंदाने येतात. मोठ्या ठिकाणीही मजा असते, पण एका मोठ्या जागी आम्हाला पेअरिंग म्हणून डब्यातल्या चीजचे चौकोनी तुकडे आणि खारी बिस्किटं मिळाली होती, आणि कशाबरोबर काय हे सांगायला कोणी थांबलंही नाही. तेव्हापासून मी आधी जेवण विचारते, वाइन नंतर.

वेळ जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. माल एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडावर. पावसाळ्यात तो भाग हिरवागार दिसतो पण वेलीवर घड नसतात. शक्य असेल तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा आणि पहाटे बागेत जा. काढणी गारव्यातच करतात, नाहीतर द्राक्षं तापून वास उडतो. तेव्हा दोन-चार मणी तोंडात टाकून बघा. बाजारातल्या द्राक्षासारखे नसतात ते. लहान, जाड सालीचे, बियांचे आणि फार गोड. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ घड हातात धरून उभे होते. खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आम्ही घड जीए या संजीवकात बुडवतो, मण्यांची विरळणी करतो, आणि 16-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) माल खुडतो. इथे मणी लहानच हवा, कारण रसाच्या मानाने साल जास्त मिळते, आणि साखर 22-24 ब्रिक्सपर्यंत चढू द्यायची. एवढे दिवस माल वेलीवर ठेवायचा म्हणजे अवकाळी आणि गारपिटीची टांगती तलवारही तेवढे दिवस जास्त. वडिलांनी त्या घरच्या काकांना विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?" काका म्हणाले, "मार्चनंतर."

चाखताना दर ग्लासात साधारण 30 ते 50 मिली ओततात. पाच-सहा प्रकार झाले की बेरीज चांगलीच होते, तेव्हा उपाशी जाऊ नका आणि मध्ये भरपूर पाणी प्या. आवडलं नाही ते ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओतलं तर कोणालाही वाईट वाटत नाही. घास, घोट, पुन्हा घास, असा क्रम ठेवा. दुसऱ्या घासाला पदार्थ बदललेला लागतो, गंमत तिथे आहे. रेड वाइन कोमट वाटली तर थोडी गार करून मागा. 'रूम टेंपरेचर' म्हणतात ते 15-18 अंश, नाशिकच्या मार्चमधली दुपार नव्हे. गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, हे आमच्याकडे पक्कं आहे. काढणीच्या दिवसांत त्याच्यासाठी नुकताच गाळलेला, अजून न आंबलेला द्राक्षरस मागून बघा. माझा नवरा त्यावरच खूश असतो. 26 जानेवारीला ड्राय डे असतो, ती तारीख टाळा.

बाटल्या घ्याल त्या जेवणाबरोबर आवडलेल्याच घ्या, नुसत्या चाखून आवडलेल्या नव्हे. व्हाइट वर्ष-दोन वर्षांत संपवा, आपल्या घरातल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही. आणि परतताना संगमनेरला जेवायला थांबलात तर बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बरोबर आत घेऊन बसा.

फोन किमान आठवडाभर आधी करा आणि शाकाहारी एक पान आहे हे सांगतानाच भरीत होईल का ते विचारा. जळगावच्या बामणोदकडची मोठी हिरवी वांगी थंडीतच चांगली मिळतात, म्हणून भरितासाठी जायचं असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतलं बुकिंग घ्या.