जुन्या पिकअपला दहा हजारांत चांगली साउंड सिस्टिम बसेल का? बेसट्यूब घेऊ की नको?

बसेल. बेसट्यूब, म्हणजे नळकांड्यातला बेसचा मोठा स्पीकर, तो नको. आणि दुकानदार ‘हजार वॅट’ म्हणत असेल तर आधी त्याला विचारा, बॅटरीपासून वायर कुठल्या भोकातून आणणार आणि फ्यूज कुठे लावणार. सरळ उत्तर आलं नाही तर चावी त्याच्या हातात देऊ नका.

माझी 2009 ची बोलेरो पिकअप आहे. नारायणगावातून टोमॅटो भरून रात्री वाशीला. माळशेज घाट एकट्यानं उतरताना केबिनमध्ये काहीतरी वाजत असावं लागतं, हे रात्रीची गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. आमचे दाजी हौशी. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या दुकानात नेलं. अँप म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, दोन लांबट ओव्हल स्पीकर, सीटमागे बेसचा वूफर, सगळं एका दुपारात बसवून दिलं. पहिले दोन आठवडे मीही खूश होतो.

तिसऱ्या आठवड्यात घाट उतरून टोकावड्याच्या पुढे आलो आणि जळका वास आला. आत्ताच घाट उतरलाय, ब्रेकचे लायनर तापले असतील असं वाटलं. तेवढ्यात डॅशखालून धूर. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. दहा नंबरचा पाना दाराच्या खणातच होता म्हणून बॅटरीची निगेटिव्ह सोडवता आली. हौद्यात पन्नास क्रेट माल. दुसऱ्या गाडीची वाट बघून तो तिच्यात भरेपर्यंत उजाडलं, आणि उशिरा पोचलेल्या मालाला काय भाव मिळतो ते मी सांगायला नको.

उजेडात बघितलं तर कारण समोरच होतं. इंजिनकडून केबिनमध्ये वायर आत घेताना पत्र्याला भोक पाडलेलं, पण त्यात रबर बसवलेलंच नव्हतं. डिझेल इंजिनच्या थरथरीनं पत्र्याच्या कडेनं वायरचं कातडं सोलून काढलं. तांबं उघडं पडून बॉडीला टेकलं होतं आणि तिथून बॅटरीच्या बाजूला हातभर वायर काळी कुळकुळीत.

दाजी आजही चार माणसांत म्हणतात, “फ्यूज होता की! ह्यानंच काहीतरी वायर ओढली असणार.” फ्यूज होता, दाजी. पण सीटमागे, अँपच्या शेजारी. शॉर्ट झालं त्याच्या कितीतरी अलीकडे, बॅटरीच्या बाजूला. बॅटरीचा सगळा करंट बॉडीत उतरत होता आणि त्यातला एक अँपिअरही त्या फ्यूजमधून जात नव्हता, मग तो उडणार कसा? नंतर काढून बघितला तर तार शाबूत. हा फ्यूज अँप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा आणि वायरला झेपेल तेवढाच हवा. तीस अँपिअरचा उडतोय म्हणून साठचा टाकणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

आता तुमचे दहा हजार. टेपवर, म्हणजे डॅशमधल्या म्युझिक प्लेयरवर, 50×4 लिहिलेलं असतं, म्हणजे चार स्पीकरला पन्नास-पन्नास वॅट; खरे मिळतात चॅनेलला पंधरा-वीस वॅट. सिंगल केबिनला तेवढे पुरतात, अँप लागतच नाही. खरी अडचण म्हणजे दाराचा नुसता पत्रा. दाराचं आतलं पॅड काढा, आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून थरथर दाबणारी डँपिंग शीट चिकटवा. याला दीड-दोन हजार लागतील. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. उरलेल्यात बऱ्यापैकी टेप आणि दारात बसणारी स्पीकरची एक जोडी. जागा आणि खोली आधी पट्टीनं मोजा, नाहीतर काच खाली घेताना स्पीकरच्या चुंबकाला अडते. स्पीकर चार ओहमचे असतात. एकाच वायरवर दोन जोडले की दोन ओहम होतात आणि टेप तापतो. प्लस-मायनस एका दाराला उलटं लागलं तर बेस गायब होतो, आणि लोक मग त्यासाठी वूफर घेत बसतात!

पुढेमागे अँप घेतलाच तर त्याची पॉवर वायर एका बाजूनं आणि टेपकडून येणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूनं न्या. अर्थिंगची वायर बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट आवळा. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंई आवाज येतो.

बेसट्यूब नको म्हटलं ते जागेसाठीही. सीटमागे जॅक-टॉमी ठेवायची जागा जाते. तुमची डबल केबिन असेल तर ही हरकत नाही. भाव मी आमच्याकडचे सांगितलेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. अल्टरनेटर जुना असेल आणि बेसबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर आधी तो तपासून घ्या. आणि गाण्यानं झोप जात नाही. डोळे मिटायला लागले तर मीसुद्धा गाडी ढाब्यावर लावून अर्धा तास पडतो.

जळालेला वायरचा तो तुकडा मी गाडीतच ठेवलाय, दुकानदाराला दाखवायला फोटो हवा असेल तर सांगा.