पंपावरचा आकडा नेमका कशाचा?

प्रश्न : मला बारा वर्षांपासून दमा आहे. फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड असलेला २०० चा पंप मी सकाळ-संध्याकाळ एकेकदा ओढत असे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याऐवजी ४०० चा लिहून दिला. घरात २०० चे दोन पंप शिल्लक आहेत. ते दोन-दोनदा ओढले तर तेच औषध होईल ना? शिवाय अमेरिकेहून मुलाने आणलेल्या अशाच पंपावर १६० आणि ४.५ असे आकडे आहेत. तो कमी ताकदीचा समजावा का? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : आपण विचारून मगच पुढे जायचे ठरवलेत, हे फार चांगले केलेत. खोक्यावर ठळक छापलेला २०० किंवा ४०० हा आकडा फक्त बुडेसोनाइडचा, म्हणजे श्वासनळीची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा असतो. श्वासनळी मोकळी करणारे फॉर्मोटेरॉल आपल्याकडच्या १००, २०० आणि ४०० या तिन्ही पंपांत बहुधा ६ मायक्रोग्रॅमच असते. म्हणून २०० चा पंप दोनदा ओढला की स्टेरॉइड ४०० होते खरे, पण फॉर्मोटेरॉल ६ ऐवजी १२ जाते, आणि दिवसाचा हिशेब १२ वरून २४ वर पोहोचतो. हे प्रमाण प्रौढ रुग्णांना देतातही, पण हात थरथरणे किंवा छातीत धडधडणे हा त्रास होणाऱ्यांना तो फरक चांगलाच जाणवतो. आपल्या डॉक्टरांना स्टेरॉइड तेवढे वाढवायचे असणार. तेव्हा जुने पंप वापरण्यापूर्वी त्यांना विचारावे.

मुलाने आणलेला पंप कमी ताकदीचा नाही. पंपातून एका वेळी मोजून सुटणारे औषध आणि तोंडाच्या नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडणारे औषध यांत थोडा फरक असतो, कारण काही भाग नळीतच चिकटून राहतो. आपल्याकडे सहसा पहिला आकडा छापतात, तिकडे दुसरा. त्यामुळे तिकडचे १६० आणि ४.५ म्हणजे इकडचे २०० आणि ६.

आकड्यांची तुलना औषध बदलले की मुळीच करू नये. फ्लुटिकासोन हे दुसरे स्टेरॉइड कमी मात्रेत अधिक प्रभावी असल्याने त्याचे २५० हे बुडेसोनाइडच्या ४०० पेक्षा हलके ठरत नाही. त्याच्या जोडीला बहुधा सॅलमेटेरॉल हे श्वासनळी मोकळी करणारे औषध असते आणि त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो, म्हणून दम लागल्यावर तो पंप कामाचा नाही. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम करते, त्यामुळे काही रुग्णांना बुडेसोनाइडबरोबरचा तोच पंप दम लागल्यावरही ओढायला सांगतात; मात्र तो कमी किंवा मध्यम ताकदीचा असतो. ४०० चा पंप असा वारंवार ओढू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

पुढच्या भेटीला सगळे पंप पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, दाबताच सावकाश आत ओढायचा आणि दहा सेकंद रोखून धरायचा असतो. माझ्याकडे येणारे बरेच जण दाबतात आधी आणि ओढतात नंतर, मग औषध घशातच बसते. तसे होत असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या, आणि प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते व आवाज बसतो.